‘घरीच होती’

पायल डोंगरेने अकरा मुलाखती दिल्या आणि अकराही ठिकाणी तिला ‘कळवतो’ असं सांगितलं गेलं. ‘कळवतो’ म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. सेवायोजन कार्यालयात एकतीस वर्षं मी बेरोजगारांची नावंच नोंदवत होते. अकरा वेळा ‘कळवतो’ ऐकून मुलगी बाराव्यांदा तोच कागद घेऊन निघते, तेव्हा खोट कागदात असते. तिची आई सरिता मात्र नशीब धरून बसलेली.

जरीपटक्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पायलचे वडील बळीराम यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. पोरीने पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, त्याला दोन वर्षं होतील. हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यात मेंटेनन्सला लागायचं, कंपनीच्या बसने जायचं-यायचं, एवढंच तिला हवं. पण जूनमध्ये नवी बॅच बाहेर पडते. त्या ताज्या पोरांपुढे दोन वर्षांचा शिळा डिप्लोमा कोण बघतो? जे व्हायचं ते जूनच्या आत.

सीताबर्डीतल्या एका क्लासने मुलाखतीची तयारी म्हणून तिच्याकडून एक परिच्छेद घोटून घेतला होता. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तो तिने मला म्हणून दाखवला. मायसेल्फ पायल डोंगरे, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग, माय हॉबी इज लिसनिंग म्युझिक. कोणतं म्युझिक, असं मी विचारलं तर तिने परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. क्लासमध्ये चाळीस पोरं आणि चाळीसही जणांची हॉबी तीच. समोरचा साहेब सकाळपासून तेच ऐकून बधिर झाला असेल, हे त्या क्लासवाल्याला कोणी सांगावं?

मग तिचा बायोडाटा पाहिला. डिप्लोमानंतरची दोन वर्षं कोरी. याबद्दल विचारत नाहीत का, असं मी म्हटलं. विचारतात ना, दरवेळी विचारतात. मग काय सांगतेस?

“घरीच होती म्हणून सांगते.”

माझं डोकंच फिरलं. घरीच? मी भाजी आणायला निघाले की ही दुकानात स्टुलावर बसलेली दिसते. पुढ्यात उघडी मोटर, जळलेली तार उपसून नवी भरणं चाललेलं. बळीरामची नजर अधू झाल्यापासून बारीक तारेचं सगळं वायंडिंग तिच्याच हातचं. माझा स्वतःचा कूलर तिने तीनदा नीट करून दिला. हे का लिहिलं नाहीस, म्हटलं तर तिला माझा प्रश्नच कळेना.

“ते तं घरचं काम आहे, आजी. नोकरी थोडीच होती?”

सरितानेही आतून जोड दिली, की कूलरवाल्याची पोरगी म्हटल्यावर साहेब बसायला खुर्ची तरी देईल काय.

मी स्वतः बसून नवा बायोडाटा लिहिला. किती मोटरी भरल्या, कोणत्या बिघाडांवर हात बसला, सगळं. पायलने तो नम्रपणे फाइलीत ठेवला, बाराव्या मुलाखतीला हिंगण्याला गेली आणि साहेबापुढे सरकवला जुनाच. वर मला येऊन सांगते, की केबिनमधल्या कूलरचं बेअरिंग गेलं होतं, बसल्याबसल्या आवाजावरून कळलं. बोललीस का? नाही. दोन वर्षं काय केलं, असं विचारलं? विचारलं. घरीच होती.

आठ दिवसांनी हर्षित पेढे घेऊन दुकानात आला. त्याच कंपनीत, त्याच जागेवर तो लागला होता. हर्षित म्हणजे बळीरामकडे दोन सीझन कामाला असलेला पोरगा. त्याला मोटर उघडायला पायलने शिकवलं. त्याच्या बायोडाटात वायंडिंगचा अनुभव ठळक अक्षरांत होता, आणि सोबत बळीरामच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचा दाखला. तो दाखला कोणी लिहून दिला होता? बळीरामचा लिहिण्यावर हात नाही. पायलने. आपल्या सुंदर अक्षरात. आणि हे मला सांगताना ती पेढा खात होती.

मी तशीच तिला घेऊन दुकानात गेले. तसाच दाखला तुझ्या मुलीलाही दे, असं बळीरामला म्हटलं. तो हसला.

“मॅडम, घरच्या पोरीले कोणी सर्टिफिकेट देते काय?”

“मग परक्या पोराले काहून दिलं?”

“त्यानं मांगलं. अन् थो कामाले होता.”

“आणि ही?”

बळीरामने हातातली पक्कड खाली ठेवली. माणूस सज्जन आहे, म्हणूनच त्याच्यावर धड ओरडताही येत नाही. हर्षितला पगार दिला म्हणून त्याचं ते काम, पोरीला दिला नाही म्हणून तिचं ते बसणं, एवढा साधा हिशेब त्याच्या डोक्यात. त्याने मुलीच्या बोटांकडे पाहिलं, मग खणातून लेटरहेड काढलं.

पायल लिहू लागली. नाव झालं, तारीख झाली, हुद्द्यापाशी पेन थांबलं. हर्षितच्या दाखल्यावर मेकॅनिक होतं. तिने बापाकडे पाहिलं.

“हर्षितले कोणी शिकवलं, ते लिही,” बळीराम म्हणाला.

तरी या बाईने लिहिलं ‘हेल्पर’. मी तो कागद ओढून फाडला. दुसऱ्या कागदावर तिने ‘हेड मेकॅनिक’ लिहिलं, तेही इतक्या बारीक अक्षरात की मला चष्मा पुसावा लागला. बळीरामने सही केली, शिक्का मारला.

तेरावी मुलाखत गेल्या सोमवारी झाली. दोन वर्षांचा प्रश्न आलाच. तिने दाखला पुढे केला. साहेबाने विचारलं, स्वतः करायचीस की बघायचीस? मग म्हणे ही तारेच्या जाडीपासून वार्निश वाळायला लागणाऱ्या वेळेपर्यंत जे बोलत सुटली, ते साहेबानेच थांबवलं. मायसेल्फ वगैरे राहूनच गेलं. शेवटी साहेब म्हणाला, कळवतो.

मला त्या शब्दाचा तिटकारा आहे. मी रोज फोन करते, कळवलं काय वं? काल तिने दुकानातूनच उचलला, मागे कूलर घरघरत होता.

“आजी, सीझन आहे, हात वार्निशचे आहेत. शुक्रवारी चौदावी आहे, मंग बोलू.”

दाखल्याच्या झेरॉक्स काढल्यास का, हे विचारायच्या आत तिने फोन ठेवला.