अर्ध्या सुराने उतरवलेला पियानो

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आई लहानपणी पियानो शिकली होती, मग ती आम्हाला का शिकवत नाही? हे तिला विचारू नका, ती विषय बदलेल. मीच क्रमाने सांगते.

पियानो माझ्या वडिलांचा होता. ते कल्याणला रेल्वेत डॉक्टर होते. तिथलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब देश सोडून निघालं तेव्हा त्यांनी तो घेतला आणि मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांकडे शिकायला पाठवलं. ऐंशीच्या सुमारास वडील गेले आणि पियानो टेम्पोने आमच्या नौपाड्याच्या घरी आला. तुमच्या आजोबांनी त्याच्यासाठी आपलं लिहायचं टेबल स्वयंपाकघरात हलवलं. जिन्यावर ते हमालांच्या पुढे उलटे चालत वर आले आणि कुठेही कोपरा घासू दिला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तेही खरं आहे.

पियानो सुरात लावायला कल्याणचे एक ख्रिस्ती गृहस्थ येत. रेल्वेतून निवृत्त झालेले, चर्चचा पियानोही तेच लावत. वडिलांच्या वेळेपासून तेच यायचे, म्हणून मला ते ‘बेबी’ म्हणत आणि मी त्यांना अंकल. दसऱ्यानंतर एकदा आणि होळीच्या आसपास एकदा, यात मी कधी खंड पडू दिला नाही. सकाळभर ते समोरची फळी काढून, तारांमध्ये लोकरीच्या पट्ट्या खोचून, एकेक खुंटी चावीने जराशी फिरवत बसत. पावसाळ्यात दमट हवेने काळ्या-पांढऱ्या पट्ट्या अडकू नयेत म्हणून मी खालच्या कप्प्यात एक लहान बल्ब पेटता ठेवायची. आतल्या लोकरी हातोड्यांना कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या. वर फुलदाणी ठेवायला सक्त मनाई. शेजारच्या काकू म्हणायच्या, “तुमच्या पियानोची बडदास्त जावयासारखी आहे हो. आमच्या खऱ्या जावयाला साधा पंखा नाही मिळत.”

तुमच्या आईला मीच शिकवलं. तिचा कान विलक्षण होता. खोपटच्या डेपोकडे जाणाऱ्या एसटीने हॉर्न दिला की ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणायची, “एफ.” मला तसं कधी जमलं नाही. दोन सूर एकमेकांशी जुळतात की नाही हे मला कळे, पण एकटा सूर ऐकून त्याचं नाव सांगता येत नसे. मला तिचा अभिमान होता.

ती नववीत असताना मुंबईला पियानोची मोठी परीक्षा होती. मी दाराबाहेर बसले होते. तिने सुरुवात केली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. मग ती बाहेरच आली.

“आई, तो पियानो चुकीचा होता. मी सी दाबला की भलताच सूर यायचा.”

“परीक्षेचा पियानो चुकीचा कसा असेल?”

“तेच परीक्षकही म्हणाले. म्हणाले, कालच लावून घेतलाय.”

घरी आल्यावर तिने आमचा पियानो वाजवून पाहिला. तो तिला बरोबर वाटला, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. “माझे कान बिघडलेत का गं?” असं ती रोज विचारू लागली. शेवटी आम्ही तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आजोबाही आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत. आजोबा म्हणाले, “बघ, सगळं ठीक आहे.” जिना उतरताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

दसरा झाल्यावर अंकल आले. तुमच्या आईला तेव्हा शाळेत विज्ञानात नादकाटा शिकवला होता. आपटला की एकच ठरलेला सूर देणारा पोलादी चिमटा. तसा अंकलच्या पिशवीत नेहमीच असायचा, फडक्यात गुंडाळलेला. तिने तो मागितला. “नंतर देतो, बेटा,” अंकल म्हणाले. तिने स्वतःच काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला.

“अंकल, यावर ए लिहिलंय.”

“हो.”

“पण हा तर बी फ्लॅट आहे, अर्धा सूर वरचा.”

तिने पुन्हा आपटून काटा पियानोच्या लाकडावर टेकवला आणि ए दाबला. जुळला नाही. मग त्याच्या उजवीकडची काळी पट्टी दाबली. तो सूर काट्याशी असा मिळाला की मलासुद्धा ऐकू आलं.

“आई, आपला अख्खा पियानोच अर्धा सूर खाली आहे,” ती म्हणाली. “म्हणजे परीक्षेचा बरोबर होता.”

अंकलनी चावी खाली ठेवली. “बेबी, तारा फार जुन्या झाल्यात. खुंट्यांचं लाकूड सैल आहे. पुरा चढवला असता तर तारा तुटल्या असत्या. म्हणून सगळाच सारखा खाली उतरवून लावला.”

“कधीपासून?”

“इथे आणला तेव्हापासून. मी तुझ्या साहेबांना बोललो होतो. ते म्हणाले, डॉक्टरसाहेब नुकतेच गेलेत, तिला आत्ता नका सांगू.”

तेव्हा पाच वर्षांची असलेली मुलगी आता माझ्या उंचीची होऊन समोर उभी होती. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्या हातचा चहा किती वेळा घेतला असेल. प्रत्येक वेळी मी शेवटी एक स्केल वाजवून “सुरेख झालंय, अंकल” म्हणायची आणि ते मान डोलवायचे.

संध्याकाळी आजोबा आल्यावर मी विचारलं.

“अगं, बाबांची आठवण होती ती. खिळखिळी झालीय असं कसं सांगणार होतो तुला?”

“तेव्हा नाही. पण नंतर?”

“नंतर काय सांगायचं? वाजत तर होता व्यवस्थित.”

“कानाच्या डॉक्टरांकडे तुम्ही शेजारी बसला होतात.”

ते म्हणाले, “हे पियानोमुळे झालंय, ते तिथे लक्षात आलं माझ्या. पण इतक्या उशिरा सांगितलं असतं तर तुम्ही दोघी माझ्यावर उखडला असतात.”

तुमची आई दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

पुढच्या आठवड्यात आजोबांनीच अंकलना बोलावलं. सगळ्या तारा नव्या घालू, लाकूड बदलू, पियानो पुरा चढवू, सगळं ठरवून ठेवलं होतं. तुमची आई म्हणाली, “नका चढवू. चढवला की हाही मला चुकीचाच वाटणार.” तिने हे रागाने नाही, नीट समजावून सांगितलं. तिच्या कानात सी म्हणजे आमच्या घरचा सी होता, आणि तो जगात दुसऱ्या कुठल्याच पियानोवर नव्हता. मग ती अभ्यासाला बसली. त्यानंतर तिने पियानोला हात लावला नाही. काही वर्षांनी तो डोंबिवलीच्या एका शाळेला दिला. देताना तो अर्धा सूर खाली आहे हे मी मुख्याध्यापिकांना दोनदा सांगितलं.

तुमचे आजोबा तुमच्यावर जीव टाकत, ते तुम्हाला आठवत असेल. माझ्यावरही त्यांचं प्रेम होतं. पण त्या दिवसापासून ते म्हणाले, गावाला जायचं रिझर्वेशन झालंय, की मी तिकीट दाखवा म्हणायची. ते तिकीट खिशातून काढून माझ्यापुढे ठेवायचे. मी निदान विचारत तरी होते. तुमच्या आईने त्यांना काही विचारणंच सोडून दिलं.