सुनेचं लायसन आणि टेपाचं टोक

समोरच्या खोलीत ऑफिस असलं की घरात फायली साचतात, तसे किस्सेही साचतात. फायली निदान दिवाळीआधी पेटीत भरून माळ्यावर टाकता येतात. किस्से कुठे टाकाल? तुरीच्या शेंगा सोलायला बसलं की एकेक करून बाहेर येतात, आणि आठवले की माझं डोकं पुन्हा तापते!

आमचं घर यवतमाळात. समोरच्या खोलीवर बोर्ड आहे. तीस वर्षं त्यावर आमच्या यांचं नाव होतं, आता सुनेचं, म्हणजे वैशालीचं आहे. काम तेच. कोणी घरावर कर्ज मागितलं की बँक म्हणते, आधी व्हॅल्युएशन आणा. मग व्हॅल्युअर जातो, घर मोजतो, भिंती पाहतो, कागद पाहतो आणि किंमत लिहून सही-शिक्का मारतो. बोर्डावरचं एक नाव पुसून दुसरं लिहायला पेंटरला अर्धा दिवस लागला. त्या आधीच्या सात वर्षांचं विचारू नका!

शाळा मी बाहेरूनच पाहिली. पण व्हॅल्युअरच्या लायसनचे नियम विचारा, एका दमात म्हणून दाखवते.

*

सुरुवात बँकेच्या पत्रापासून झाली. नवा नियम आला होता. ज्याच्याजवळ इंजिनिअरिंगची डिग्री आहे, पाच वर्षांचा अनुभव आहे आणि जो नवी परीक्षा पास आहे, त्यानेच सही करायची. आमच्या यांच्याजवळ डिप्लोमा. अनुभव तीस वर्षांचा, पण डिग्री नाही म्हणून परीक्षेलाच बसू देत नाहीत!

हे तडक बँकेत गेले. मीही सोबत होते, कारण यांचं बीपी.

साहेब तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, "काका, नाराज नका होऊ. तुमच्या सहीचं व्हॅल्युएशन आता चालत नाही."

हे म्हणाले, "तुम्ही राहता तो फ्लॅट बँकेच्याच कर्जातून घेतला ना?"

"हो."

"त्याचं व्हॅल्युएशन कोणी केलं?"

साहेब म्हणाला, "तुम्हीच केलं, काका."

"मग खाली करा!"

*

यांचं काम बंद झालं त्याच महिन्यात कळंबकडचा एक शेतकरी आला. फाटकाला म्हैस बांधली आणि आत येऊन म्हणाला, "काका, बँकवाल्यानं व्हॅल्युएशन मांगलं. जनावरावर कर्ज घेऊन राह्यलो."

आता जनावराचा दाखला जनावराचा डॉक्टर देतो. हे समजावून सांगेपर्यंत म्हशीने माझी मोगऱ्याची अर्धी वेल खाल्ली. मी ओरडत बाहेर पळाले.

पण यांचं लक्ष वेलीकडे नव्हतंच. बँकेने सही बंद केल्यापासून यांच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. हे म्हशीभोवती एक चक्कर मारून आले आणि हळूच म्हणाले, "हिच्यासाठी तर डिग्री लागत नसंल ना?"

*

डिग्री आमच्या घरात होती. यांच्या समोरच बसून जेवत होती!

वैशाली सिव्हिल इंजिनिअर. डिग्री झाली, लग्न झालं, दोन लेकरं झाली, नोकरी राहून गेली. म्हणजे एका पाटावर डिग्री, अनुभव नाही. दुसऱ्या पाटावर अनुभव, डिग्री नाही. मधात मी, वाढायला.

वैशालीने लायसनच्या चौकशीच्या नंबरवर फोन लावला. तिकडची मुलगी मोठ्या अदबीने बोलत होती. वैशालीने विचारलं, "मॅडम, माझी डिग्री आणि सासऱ्यांचा अनुभव, दोन्ही मिळून एक अर्ज चालेल का?"

"नाही मॅडम. अर्ज एकाच व्यक्तीचा असतो."

मी मागून म्हटलं, "रेशनकार्डावर सगळ्या घराची नावं एकत्र चालतात, इथे काहून नाही?"

तिकडून आवाज आला, "मॅडम, ही तक्रार नोंदवायची आहे का?"

*

मग वैशाली इथल्याच एका इंजिनिअर साहेबांकडे कामाला लागली, अनुभवाची पाच वर्षं भरायला. दिवसा त्यांच्याकडे बांधकामं पाहायची, घरं मोजायची. संध्याकाळी हे शिकवायचे: भिंतीवर बोट वाजवून कसं ऐकायचं, पाया काळ्या मातीत किती खोल पाहिजे. आपल्याकडची माती तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया उथळ असला की भिंत तडकलीच!

परक्या घरात एकटीने जायचं म्हणून मी वैशालीच्या सोबत जायची. बसून काय करू? टेपाचं शून्याकडचं टोक धरायची. ती दुसरं टोक घेऊन चालत जायची आणि आकडा लिहायची.

एकदा कळंबला एका मोठ्या घरी गेलो. घरमालक मागे-मागे फिरून सांगत होता, "पाहा मॅडम, एक तडा सापडला तर नाव बदलीन!"

टेप गुंडाळून झाल्यावर मी स्वयंपाकघरात चहा प्यायला गेले. त्याची बायको बिचारी साधी. मी सहज म्हटलं, "घर चांगलं हाय हो तुमचं."

ती म्हणाली, "चांगलंच हाय जी. फक्त पावसाळ्यात त्या लोखंडी कपाटामागून पाणी येते. म्हणून तर काल चार माणसं लावून कपाट तिथं सरकवलं."

मी बाहेर येऊन वैशालीला म्हटलं, "कपाट मोजायचं राह्यलं."

कपाट सरकवलं. मागे वरपासून खालपर्यंत तडा! मालक भिंतीकडे पाहीना, माझ्याकडे पाहत राहिला.

"आजी, तुमी कोणत्या खात्यातल्या?"

*

अशाच एका तड्याने माझा भाऊ तुटला.

नामदेव माझा पाठचा. दारव्ह्याला राहतो. स्वभावाने वाईट नाही, पण आकड्यांचा मोठा शौकीन. यांची सही चालत होती तेव्हाची गोष्ट. त्याने घरावर कर्ज काढायला घेतलं. हे म्हणाले, "नात्यातलं काम मी करत नाही, दुसऱ्याकडून करून घे." दुसऱ्या व्हॅल्युअरने जाऊन मागच्या भिंतीतला तडा पाहिला आणि किंमत कमी लिहिली. नामदेव त्याच्यावर चिडला नाही, आमच्यावर चिडला!

"घरात सही असून बहिणीच्या नवऱ्याले चार आकडे वाढवता येत नाही?"

त्यानंतर तो भाऊबीजेला आला नाही. मी ताट करून ठेवायची, दिवा लावायची, संध्याकाळी ताट झाकून ठेवायची. फोन केला तर म्हणायचा, "माझ्या भिंतीले तडा हाय ना ताई, मी कसा येऊ?"

हे मला दरवर्षी विचारायचे, "माझं चुकलं का?" मी दरवर्षी म्हणायची, "नाही." आणि दरवर्षी आत जाऊन डोळे पुसायची. सांगून ठेवलं, पुढे कामी येईल.

*

पाच वर्षं भरली. मग पन्नास तासांचा कोर्स. तो लॅपटॉपवर, शनिवार-रविवार, आणि कॅमेरा चालूच ठेवायचा. सर शिकवता शिकवता चेहरे पाहत बसायचे.

शनिवार-रविवार म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांचे दिवस. एका रविवारी दूध उतू जात होतं, धाकट्याला ताप होता, दारात पाहुणे. वैशाली म्हणाली, "आई, दोन मिनिटं लॅपटॉपसमोर बसता का? खुर्ची रिकामी दिसली तर तास कापतात."

मी बसले. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. सर घसारा शिकवत होते. वस्तू जुनी झाली की तिची किंमत दरवर्षी थोडी-थोडी उतरते, त्याला म्हणे घसारा म्हणतात. मला पटलं. मी मान हलवत होते.

तेवढ्यात सर थांबले. "वैशाली मॅडम?"

मी म्हटलं, "हो जी."

सर बराच वेळ स्क्रीनजवळ येऊन पाहत राहिले. "मॅडम, अर्ध्या तासात एवढा घसारा?"

तास कापला. वैशालीने तो पुढच्या रविवारी पुन्हा भरला. हे माझ्यावर दोन दिवस चिडले होते, आणि या एका बाबतीत त्यांचं बरोबर होतं.

*

मग परीक्षा. सेंटर नागपूरला, सगळं कॉम्प्युटरवर. शंभरातले साठ पाहिजेत, आणि चुकीचं उत्तर दिलं तर मिळालेलेही कापतात! परीक्षा घेतात की दंड वसूल करतात, देव जाणे.

पहिल्यांदा दोन मार्कांनी गेली. घरी आली तर रडत नव्हती, सासऱ्याकडे पाहत होती.

"बाबा, प्रश्न आला होता की चांगल्या बांधलेल्या घराचं आयुष्य किती."

हे लगेच म्हणाले, "मातीवर हाय! काळ्या मातीत पाया उथळ असंल तर..."

"बाबा, मी तेच धरून सगळ्यात कमी वर्षांचं उत्तर दिलं. चुकलं."

"उत्तर बरोबर हाय. पुस्तक चुकलं!"

"मार्क पुस्तक देते, बाबा."

असे चार-पाच प्रश्न निघाले. प्रत्येक ठिकाणी यांनी शिकवलेलं खरं, आणि प्रत्येक ठिकाणी मार्क कापलेले. शेवटी मीच ठरवलं: परीक्षा होईपर्यंत सासऱ्याने सुनेशी एक शब्द बोलायचा नाही! यांना कबूल करायला तीन दिवस लागले.

महिनाभर घरात शांतता. हे तोंड दाबून फिरायचे. वैशाली पाठ करायला लागली की उठून अंगणात जायचे आणि मोगऱ्याला पाणी घालायचे. दिवसातून पाच वेळा. म्हशीने खाल्लेली वेल त्या महिन्यात छपरापर्यंत गेली!

शेजारच्या कुसुमताईंनी हे सगळं कुंपणावरून पाहिलं. एका दुपारी माझ्याजवळ बसल्या, माझा हात हातात घेतला.

"खरं सांगा, वेगळं निघून राह्यले काय जी?"

मी म्हटलं, "नाही हो, सून परीक्षा देऊन राह्यली."

त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तर परीक्षा नसतानाही असंच राह्यते!"

दुसऱ्या खेपेला वैशाली पास झाली. निकाल पाहिला आणि यांनी महिन्याभराचं तुंबलेलं सगळं एका रात्रीत बोलून टाकलं. पुस्तकातल्या अकरा चुका!

*

वाटलं, आता संपलं. कुठचं! लायसनआधी व्हॅल्युअरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या साहेबांसमोर मुलाखत राहिली होती, तीही लॅपटॉपवर. साहेबांच्या मनात आलं तर अर्ज परत. म्हणजे सात वर्षं परत!

त्या दिवशी वैशालीने इस्त्रीची साडी नेसली. हे आतल्या खोलीत, तोंड बंद. मी दाराजवळ, कोणी आलं तर थांबवायला. पास झाल्याची बातमी आठवड्याभरात दारव्ह्याला पोचली असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मुलाखत चांगली चालली होती. साहेब म्हातारे, चष्मेवाले. डिग्री विचारली, अनुभव विचारला. मग म्हणाले, "मॅडम, समजा एखाद्या नातेवाइकाने किंमत वाढवून लिहा म्हणून दबाव आणला, तर काय कराल?"

वैशालीचं पाठ होतं. "सर, आचारसंहितेप्रमाणे..."

फाटक वाजलं.

"सूनबाई!" नामदेव! एका हातात पेढे, एका हातात फाईल. माझ्या बाजूने असा आत घुसला, जसा कधी रुसलाच नव्हता. "झाली ना पास? शाब्बास! हे घे, घराचे कागद. मागच्या भिंतीले पुट्टी मारली, रंग देल्ला, आता कोणाच्या बापालेही तडा दिसत नाही. तू फक्त आकडा चांगला लिव!"

वैशाली पांढरी पडली. आतल्या खोलीत खुर्ची पडल्याचा आवाज आला.

लॅपटॉपमधून साहेब म्हणाले, "मॅडम, हे कोण?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. भाऊ माझा होता.

मी उठले. एका हाताने पेढे घेतले, दुसऱ्या हाताने फाईल घेतली. पेढे टेबलावर ठेवले. फाईल नामदेवच्या काखेत परत खोचली आणि त्याला धरून फाटकापर्यंत नेलं.

"नामदेव, भाऊबीजेले ये. ताट करून ठेवते. फाईल घरी ठेवून ये."

तो फाटकातच उभा राहिला. मी परत आले तर साहेब स्क्रीनवर थांबलेच होते.

"आजी, तुम्ही कोण?"

"मी टेपाचं टोक धरते जी. शून्याकडचं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि त्या भिंतीतला तडा केवढा आहे?"

मी म्हटलं, "बोट जाते, साहेब."

फाटकातून नामदेव ओरडला, "अर्धंच जाते, ताई!"