पस्तीस, पन्नास आणि आबांचं उपरणं

लेन्स कोणती घ्यावी हे ज्याला-त्याला विचारत सुटू नये. मी विचारत सुटले आणि डोक्याचा भुगा करून घेतला. मोबाइलवरचा एक तज्ज्ञ म्हणे पन्नास एमएम घ्या, दुसरा म्हणे रस्त्यावरच्या फोटोला पस्तीसशिवाय पर्याय नाही. ही मंडळी परदेशातल्या चकचकीत रस्त्यांवर उभी राहून सल्ले देत होती. लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात दोन शेळ्यांच्या मधून वाट काढत फोटो कसा घ्यायचा, हे त्यांना काय डोंबल माहीत?

मी कचेरीत कारकून आहे. आमचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं, नोकरीला लागलेली मी पहिलीच. हौसेनं एक जुना कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत अठरा ते दोनशेची दांडगी झूम लेन्स आली. ती पिशवीतून निघाली की बाजार सावरून बसायचा. बायका पदर नीट करायच्या, म्हातारे टोपी सरळ करायचे आणि कुणीतरी हमखास विचारायचं, कोणत्या चॅनलवर दिसणार? मला तर चालता-बोलता बाजार हवा होता. म्हणून झूम नसलेली, मुठीत मावेल अशी लेन्स घ्यायचं ठरवलं. तिच्यात लांबचं जवळ ओढता येत नाही. जवळचं हवं तर आपणच चालत जायचं. म्हणजे आपण माणसांपासून किती लांब उभं राहणार, हे आधी ठरवायला हवं, आणि तेच मला ठरवता येत नव्हतं.

शेवटी सोलापूरच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानदारानं कामाचं सांगितलं. झूमची कडी चिकटपट्टीनं पक्की करा, एक बाजार पन्नासवर काढा, एक पस्तीसवर, मग या.

मला फोटो हवे होते ते मुख्यतः आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. पायांनी साथ सोडल्यापासून त्यांचं मेंढरांमागं हिंडणं थांबलं. तेव्हापासून ते बाजारात आसपासच्या वस्त्यांवरच्या लोकांची जनावरं विकून देतात. ज्याला घासाघीस जमत नाही तो आपलं दावं आबांच्या हाती देतो आणि निर्धास्त चहा प्यायला जातो. भाव तोंडानं होत नाही. उपरण्याखाली दोघांनी हात धरायचे. एक बोट दाबलं की एक, चार दाबली की चार, अख्खा पंजा म्हणजे पाच. हजार की शंभर, एवढंच हळू पुटपुटायचं. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. मी लहान असताना आबांनी मला ही बोटं घोंगडीखाली शिकवली होती, पाढ्यांच्याही आधी.

पहिला बाजार पन्नासवर काढला. मी लिंबाखाली उभी राहिले. आबा, व्यापारी आणि मधलं उपरणं चौकटीत झकास बसत होतं. कुणाचं माझ्याकडं लक्षही नव्हतं. पन्नास जवळजवळ पक्की झाली. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले, तेव्हा एक गोष्ट खटकली. प्रत्येक फोटोत आबा व्यापाऱ्याच्या ओठांकडं बघत होते. सौदा करणारा माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, ओठांत काय ठेवलंय? लिंबाखालून ते कळणार नव्हतं.

पुढचा बाजार पस्तीसवर. त्यात सगळं आणखी लांब दिसतं, म्हणून चेहरा नीट हवा तर अगदी हाताच्या अंतरावर जावं लागत होतं. सौद्याजवळ तिसऱ्यानं उभं राहू नये असा रिवाज आहे, त्यामुळं व्यापारी कुरकुरला. आबांनी त्याला, पोरगी आहे माझी, म्हणून गप्प केलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. व्यापाऱ्याचं कोपर हललं, म्हणजे त्यानं बोटं दाबली. आबांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी त्याच्या ओठांकडं पाहिलं, जरा थांबले आणि अंदाजानं मान हलवली. उपरण्याखाली त्यांना काहीच कळत नव्हतं.

मग सगळं एकदम लक्षात आलं. त्यांना साखरेचा आजार जुना. पाय बधिर होतात हे आम्हाला ठाऊक होतं, बोटांचं त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी घाबरले आणि मग मला त्यांचा रागही आला. तिकडं शेळीचा मालक भरवशानं चहा पीत होता आणि इकडं आबा अंधारात दगड मारत होते. हे बाजारात फुटलं असतं तर उद्या कुणी त्यांच्या हाती दावं दिलं असतं? आणि दावं मिळालं नाही तर आबा घरात बसून करणार काय होते?

मी हसत, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, मला बी शिकायचंय. आज माझा हात घालू द्या."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मला समजलंय, हे त्यांना समजलं. "घाल," एवढंच म्हणाले.

व्यापारी बाईमाणसाचा हात धरायला बिचकला, पण जनावर चांगलं होतं. मी उजवा हात उपरण्याखाली घातला आणि डाव्या हातानं आबांचा दंड धरला, कातडी अजून जागी होती तिथं. गळ्यातली ती दांडगी झूम मध्ये लोंबकळत होती, उपरण्यात अडकत होती आणि शेळी तिला ढुशा देत होती. व्यापाऱ्यानं तीन बोटं दाबली, मी आबांच्या दंडावर तीन बोटं दाबली. आबांनी मान वर केली, व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "न्हाय जमत." माझ्या जिवात जीव आला. थोड्या वेळानं सौदा जमला, चांगला जमला.

लेन्सचा निकाल तिथंच लागला. मी पस्तीसची, मिळेल तेवढी चपटी लेन्स घेतली. धारदारपणा, पार्श्वभूमीची धूसरता, ज्यांच्यावर मी इतके दिवस घालवले, त्यातलं काहीही दुकानात मला आठवलं नाही. उपरण्यात न अडकणारी पाहिजे, एवढंच मी सांगितलं. दुकानदार माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

पण बाजाराला डोळे असतात तसं तोंडही असतं. चार दिवसांत कचेरीत बातमी आली. एका सहकारी बाईंनी फार काळजीनं मला सांगितलं, लोक बोलतात हो, बापच तरण्या लेकीला बाजारात परक्यांचे हात धरायला लावतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी मी बोलले नाही, पण असलं बोलणं आपल्या आधी घरी पोचतं. आबा आता येऊ नकोस म्हणणार, अशी मी मनाची तयारी केली. बाजाराच्या सकाळी ते नुसतं चल म्हणाले.

त्या दिवशी एक जुना व्यापारी आला, आबांच्या बरोबरीचा. मी नवी लेन्स लावलेला कॅमेरा उचलला. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पण पसरलं नाही. जनावरं घेऊन उभ्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले.

"ऐका. माझी बोटं मेलीत. साखरंनं. लई दिवस झालं, दाबलेलं कळत न्हाय मला. म्हणून लेक हात घालती. कुणाला काय बोलायचं आसंल तर मला बोला, तिला न्हाय."

ज्याची शेळी होती तो माणूस चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. इतके दिवस जिवापाड झाकून ठेवलेलं त्यांनी माझ्यासाठी भर बाजारात उघडं केलं होतं. मला कॅमेऱ्यातून काही दिसेना, डोळे भरले होते.

व्यापाऱ्यानं तोंडातलं पान एका गालात सारलं.

"बोटं गेली तर जाऊ द्या," तो म्हणाला. "जबान हाय न्हवं?"

मग त्यानं आबांच्या हातातलं उपरणं घेतलं, ते माझ्यापुढं पसरलं आणि मी कॅमेरा पाठीमागं सारून हात पुढं केला.