जिन्याच्या मीटरवरची वायर

चिंचपोकळीच्या त्या चाळीतली दुपार अजून मनातून जात नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. बोलणारा दर दोन शब्दांनी थांबत होता. चाळ आणि खोली नंबर सांगून म्हणाला, "तिथे जिन्याच्या मीटरवरून वीज घेतात. बंद करा." नाव विचारताच फोन ठेवला.

वीज कंपनीचा अभियंता आणि दोन पंच घेऊन गेलो. खोलीत एक म्हातारे गिरणी कामगार पलंगावर बसलेले, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. त्याची वायर दारावरून थेट जिन्याच्या दिव्याला.

"मीया जोडून घेतलंय," त्यांची बायको म्हणाली. "ह्यांचो काय दोष नाय."

चौकशीत उलगडा झाला. मशीन दिवसभर चालतं. घरगुती दराचे टप्पे असतात. वापर वाढला की पुढच्या युनिटांना चढा दर. बिल परवडेना, म्हणून बाई सवलत मागायला कंपनीच्या कार्यालयात जाऊन आल्या होत्या. दर वीज नियामक आयोग ठरवतो, आमच्या हातात नाही, असं उत्तर मिळालं. या भागात वीज देणारी कंपनी एकच. दुसरीकडे जाणार कुठे? आजोबा मशीन अधूनमधून बंद ठेवू लागले. एकदा त्यांचे ओठ निळे पडलेले पाहून बाईंनी वायरमन बोलावला.

जिन्याचा मीटर चाळीचा, म्हणून चाळीच्या सेक्रेटरींना खोलीत बोलावून लेखी तक्रार मागितली. ते खाली बघत म्हणाले, "साहेब, अख्ख्या मजल्याला माहीत आहे. आमची तक्रार नाही."

"मग फोन कोणी केला?"

"मी." पलंगावरून तोच अडखळता आवाज आला. "जिन्याचं बिल... सगळे भरतात. न विचारता घेतलेलं... नको मला."

बाई गर्रकन वळल्या. "माझ्यार पोलीस धाडलात?"

"तू ऐकत नव्हतीस."

आजोबांनी बाईंचा हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मशीन घरच्या प्लगला लावून वायर काढली. तक्रार नसल्याने गुन्हा नोंदवला नाही; अभियंत्याने ताकीद दिली. दारात उभी असलेली शेजारीण, मासळी विकणारी, म्हणाली, "काका, तुमचा फ्रिज बंद करा, सामान माझ्या फ्रिजात ठेवू? तेवढं बिल वाचेल, मशीन चालू राहू दे." आजोबांनी क्षणभर विचार केला आणि होकारार्थी मान हलवली.

तपासात मी नेहमी आधी बघायचो, नुकसान कोणाचं आणि फायदा कोणाचा. इथे नुकसान झालेले गप्प होते आणि ज्याचा फायदा झाला त्यानेच आम्हाला बोलावलं. मजल्याने डोळेझाक केली ती मायेनेच. पण आजोबांना तेवढं पुरेसं नव्हतं. शेजारणीने तोंडावर विचारलं, तेव्हा त्यांनी मदत घेतली. अडलेल्या माणसाला मदत करण्याआधी त्यालाच विचारावं, एवढं मला नोकरीच्या अखेरीस कळलं.