उतरेल, उतरेल

निरोप आला तेव्हा मी काकांचीच नक्कल करत होतो. बोळाच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर. डाव्या हातात उसनी छत्री, मान ताठ, अन् पावलं अशी टाकटाक टाकायची की जणू खाली बर्फच आहे. पाच-सात टाळकी हसत होती. तेवढ्यात शेजारचा अंबादास पळत आला. "बंद कर बे! तुझे काका गेले." सांगायला लाज वाटते… ती टाळकी आणखी क्षणभर हसतच राहिली. त्यांना वाटलं, हे पण नकलेतलंच. त्याला आता दीड महिना झाला.

नानाकाका म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. तीस वर्षं सिमल्याला तारऑफिसात कारकून. पेन्शनीत निघाले तेव्हा सगळे म्हणत होते, पुण्यात बिऱ्हाड करा. यांचं एकच, "आपलं सोलापूर! काय हवा आहे तिथं!" आता सोलापूरच्या हवेला चांगलं म्हणणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. भानगड काय, तर काकांना रजा मिळायची ती पौषात. तिकडं बर्फ पडायला लागलं की काका इकडं गड्ड्याच्या जत्रेला हजर. सकाळी शेकोटी, शेतावर हुरडा, अंगावर शाल. तीस वर्षांत या माणसानं सोलापूरचा वैशाख एकदाही बघितला नव्हता! पोरपणी बघितला असेल, पण पोरपणी ऊन कुणाला लागतं?

येताना त्यांनी सिमल्याहून थर्मामीटर आणलेला, तो सोप्यातल्या खुंटीला टांगला. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की उठायचे, नखानं काचेवर दोन टिचक्या मारायचे अन् काकूला सांगायचे, "उतरेल, उतरेल." पारा काय तारऑफिसातला शिपाई आहे व्हय, सांगितलं की उतरायला! फाल्गुनातच तो शंभरावर गेला. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून मारून काका दमले. डोक्यावर ओला पंचा, जेवण तुटलं, पाय सुजले. मी त्यांना शिकवायचो, "काका, हितं असं चालायचं न्हाय. भिंतीच्या सावलीला चिकटून जायचं, म्हशीगत." ते माझ्यामागं म्हशीगत चालून बघायचे, अन् दहा पावलांत पुन्हा सिमला सुरू.

चैत्रात डॉक्टरांनी साफ सांगितलं, महिना संपायच्या आत थंड जागी हलवा, हे ऊन यांच्या छातीला सोसायचं नाही. काकूचा भाऊ पाचगणीला. पत्र गेलं, या म्हणून उत्तर आलं, ट्रंक भरली, दोरी बांधली. उद्या सकाळची गाडी.

आणि त्या संध्याकाळी मी… बोळात खेळ लावला. ट्रंक म्हणून डोक्यावर पाट घेतला, उजव्या हातात छत्री, अन् काकांच्या आवाजात, नाकातून, "आवर गं, आवर! सोलापूर पेटलं, पळ!" बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. काकू मागच्या गच्चीवर वाळलेल्या कुरडया गोळा करत होती. काका खिडकीत उभे होते. मी त्यांना बघितलं, तरी थांबलो नाही. लोक हसत होते ना! काका बाहेर आले, सगळ्यांत मोठ्यानं हसले अन् म्हणाले, "छत्री मी डाव्या हातात धरतो, गाढवा." मला वाटलं, शाबासकीच.

आत जाऊन त्यांनी ट्रंकेची दोरी सोडली. काकू खाली आली तर कपडे पुन्हा फडताळात.

"अहो, हे काय?"

"मी सोलापूरचा आहे. ऊन लागलं म्हणून पळायला मी काय पाहुणा आहे?"

काकू भांडली, रडली, देव पाण्यात ठेवले. मला म्हणाली, "दिगू, तुझं ऐकतात रे. तू सांग की." मी गेलो, पायाशी बसलो. "काका, ती नुसती नक्कल होती. जावा की." ते म्हणाले, "कसली नक्कल रे?" अन् भिंतीकडं तोंड केलं. माझ्यापेक्षा चांगलं सोंग घरातच होतं, हे मला तेव्हा कळलं. अन् तरी पंधरवड्यानं मी शिंप्याच्या पायरीवर होतोच. लोक म्हणले, कर की बे, अन् मी केलं. छत्री डाव्या हातात धरून.

काकू अजून म्हणते, "लई हट्टी होते." तिला दुसरं काही ठाऊकच नाही. गेल्या आठवड्यात म्हणाली, "दिगू, तेवढं 'उतरेल' म्हणून दाखव रे, त्यांच्यासारखं." मी म्हणलो. नाकातून आलं, बोळातलं. काकूनं मान हलवली. "हे ते न्हवं रे. असं कधी म्हणले ते?" मी पुन्हा म्हणलो. पुन्हा… मामलेदारापासून भाजीवालीपर्यंत अख्खं गाव माझ्या घशात बसलंय, फक्त काका नाहीत. मी त्यांना इतक्यांदा केलं, की खरे होते ते पुसूनच गेले.

काकूला वाचता येत नाही. काकांमागं पेपर मीच वाचून दाखवतो, रविवारची पुरवणीसुद्धा. तोंडानं सांगायला जीभ उचलत नाही म्हणून हे लिहिलं, त्याच पुरवणीला धाडतोय. पण छापून आलं तर वाचायचं मलाच आहे, अन् या खेपेला कुणाचाही आवाज न काढता. भोंगा होईल. काकू उठेल, थर्मामीटरच्या काचेवर नखानं दोन टिचक्या मारेल. रोज मारते. मग भिंतीला टेकून बसेल अन् म्हणेल, "हं, वाच."