सुई नको, क्लोरोफॉर्म द्या

तुमच्या सदरात लोक भुताखेताचं लिहितात ते मी वाचतो आणि, राग मानू नका, हसतो. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. चकवा लागला, वडाखाली बाई दिसली... असलं काही मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. माझ्या अनुभवात भूत नाहीच. किळस मात्र भरपूर आहे, तेव्हा जेवताना वाचू नका.

हैदराबाद राज्य होतं तेव्हाची गोष्ट. निजामाची सत्ता जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण दवाखान्यांवरच्या पाट्या अजून उर्दूतच होत्या. आम्ही बिदरजवळच्या जनवाड्याचे, लिंगायत. घरात आई (तिला आम्ही अव्वा म्हणायचो), थोरला भाऊ अण्णा आणि मी, शिवराज. मी बावीस वर्षांचा, नुकताच मास्तर झालेलो, चिटगुप्पा गावच्या मुलीशी लग्न ठरलेलं. आणि मला छाती होती. बाईसारखी.

सोळाव्या वर्षापासून ती वाढत गेली. भर उन्हाळ्यात मी दोन बनियन, वर सदरा आणि त्यावर उपरणं घेऊन हिंडायचो. आत घामानं कातडं सोलायचं आणि त्याचा आंबूस वास मलाच यायचा. आंघोळ करताना मी खाली बघत नसे. शी! स्वतःच्याच अंगाची एवढी किळस कुणाला येऊ नये. घराबाहेर हे कुणाला नीट माहीत नव्हतं आणि चिटगुप्प्याला तर कळूच द्यायचं नव्हतं, नाहीतर लग्न मोडलंच असतं.

बिदरला एक खाजगी डॉक्टर होते, हैदराबादहून शिकून आलेले. त्यांनी तपासलं, हे कापून काढता येतं म्हणाले आणि विचारलं, “पूरा बेहोश करूं, कि उत्तीच जगा सुन्न करूं? सोच को बोलो.” त्यांचा स्वतःचा कल सुईकडं होता. सुईनं तेवढीच जागा बधिर होते, ओढल्यासारखं वाटेल पण दुखणार नाही, क्लोरोफॉर्मचा मात्र थोडा धोका असतो, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. पण सुई घ्यायची म्हणजे जागं राहायचं. उघडं पडून राहायचं, आणि कंपाउंडर त्या मांसाला हात लावतोय ते डोळ्यांनी बघायचं! मी म्हणालो, सुई नको, क्लोरोफॉर्म द्या. मला काही म्हणजे काही कळायला नको.

अडचण निघाली ती इष्टलिंगाची. शिवाचं ते लहानसं लिंग आम्ही पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात घालतो, ते छातीवरच असतं, आणि जन्मभर अंगावेगळं करायचं नसतं. सुई घेतली असती तर मी ते डाव्या हातात धरून पडलो असतो. बेशुद्ध माणूस काय धरणार? अव्वा तर रडायलाच लागली. इष्टलिंग उतरवलं म्हणजे जीवच उतरवून ठेवला, असं तिचं म्हणणं. मी मोठा विज्ञानवाला, मी तिची चेष्टा केली. शेवटी तोड निघाली ती अशी : मी शुद्धीवर येईपर्यंत अण्णानं ते आपल्या डाव्या तळहातावर धरून दाराशी बसायचं. उठायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. अण्णानं अव्वाच्या पायाला हात लावून शपथ घेतली, आणि माझी गोष्ट कुणापुढं काढणार नाही, हेही त्याच शपथेत घातलं.

टेबलावर निजवून नाकावर जाळी ठेवली. डॉक्टर म्हणाले, गिनो. गोडसर उग्र वास आला. मी सातपर्यंत मोजल्याचं आठवतं.

पुढं काही कळायला नको होतं ना? पण कळलं. अगदी स्वच्छ कळलं.

पहिल्यांदा आला तंबाखूचा भपकारा. मी कुठंतरी अंधारात, उबेत, कोंबल्यासारखा होतो. एका बाजूला तंबाखूची पिशवी, दुसऱ्या बाजूला शेंबडानं कडक झालेला रुमाल. वरून अण्णाचा आवाज येत होता, कुणाच्या छातीला कान लावल्यावर येतो तसा घुमून. कपबशा वाजत होत्या. कुणीतरी खोकायचा, खोकला संपताना शिट्टीसारखा आवाज काढायचा आणि मग “हां, मग?” म्हणायचा. आणि अण्णा रंगात येऊन सांगत होता :

“घरची म्हैस आटली तरी काळजी न्हाई, म्हनलो मी अव्वाला. आपला शिवराज हाय की दूध द्यायला!”

दोघं-तिघं खदाखदा हसले. मग चुन्यानं बरबटलेली बोटं आत शिरली, त्यांनी मला बाजूला सारलं आणि तंबाखूची पिशवी काढून नेली. मला ओरडायचं होतं, पण तोंडच नव्हतं.

जागा झालो ते ओकतच. छातीवर पट्ट्या होत्या. शेजारी अण्णा बसलेला, डाव्या तळहातावर इष्टलिंग आणि चेहरा पूजेला बसल्यासारखा. म्हणाला, “जागचा हललो न्हाई बघ, शिवराज.”

मी म्हशीचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

अण्णाचं तोंड उतरलं. त्यानं विचारलं, “कोन सांगितलं तुला?” कोण सांगणार? शुद्धीवर आल्यावर पहिला माणूस दिसला तो तोच. मी इष्टलिंग हिसकावून घेतलं. फडक्याला तंबाखूचा चुरा चिकटला होता आणि चुन्याचं बोट उमटलं होतं. घाण वाटली मला... त्या फडक्याची नव्हे, सख्ख्या भावाची. अव्वाला मी काही बोललो नाही. ती जीवच देती.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, क्लोरोफॉर्मची गुंगी ती, स्वप्न पडलं असेल. तंबाखू अण्णाच्या हाताची असेल, आणि भाऊ कसा आहे ते मनाला आधीच ठाऊक असेल. मीही स्वतःला हेच सांगत होतो, लग्नाच्या दिवसापर्यंत.

चिटगुप्प्याला मांडवात पाहुण्यांच्या पाया पडत होतो. मागं कुणीतरी खोकलं, आणि खोकला संपताना शिट्टी वाजली. वळून बघितलं तर मुलीचा मामा. मी त्यांना आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, लांब उभ्या असलेल्या अण्णाकडं बघितलं, मग मला हाताला धरून बाजूला नेलं.

“मास्तर, घाबरू नका,” ते हळूच म्हणाले. “हाटेलातलं बोलनं मी हाटेलातच सोडलो. पोरीला न्हाई, कुनालाच न्हाई.”

परका माणूस, आणि ते शेवटपर्यंत शब्दाला जागले. अण्णाच्या हातचं पाणी मात्र मला पुन्हा कधी गोड लागलं नाही. तो वारला तेव्हाही, खोटं कशाला बोलू, आधी तंबाखूचा वासच आठवला.

दवाखान्याच्या दोन भिंतींपलीकडच्या हॉटेलातलं बोलणं बेशुद्ध माणसाला ऐकू कसं येतं? विज्ञानाची पुस्तकं चाळून झाली, आमच्या स्वामींना विचारून झालं. उत्तर नाही.

गेल्या वर्षी लातूरला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं विचारलं, पूर्ण भूल देऊ की कमरेत सुई? मी म्हणालो, सुई. माझा मुलगा म्हणाला, “बाबा, इष्टलिंग माझ्याकडं द्या, मी बाहेर धरून बसतो.” फार चांगला मुलगा आहे हो माझा. त्याच्यावर संशय घ्यावा असं त्यानं काही केलेलं नाही.

तरी मी मूठ उघडली नाही.