सारांश सर

आमच्या संस्थेत सर्जनशील लेखनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो चालवणाऱ्या सरांना विद्यार्थी 'सारांश सर' म्हणतात. सरांना हे ठाऊक आहे, आणि त्यात त्यांना मान वाटतो.

पंचविसाव्या वर्षी सरांचा चौसष्ट पानांचा कथासंग्रह निघाला. त्यानंतरची एकतीस वर्षं पुस्तक कसं काढावं हे शिकवण्यात गेली. घरी वहिनी म्हणतात, "ह्यांनी जगाला पोहायला शिकवलं, स्वतः काठावर टॉवेल धरून." सरांचं उत्तर तयार असतं, "टॉवेल धरायलाही कोणी लागतंच की." अशा माणसाशी वाद घालून काय मिळवायचं?

पहिल्या तिमाहीत प्रकाशकाला पत्र कसं लिहावं ते शिकवतात. दुसरीत लेखक-परिचय, आणि छायाचित्रात हनुवटी हातावर टेकवावी की नाही. (टेकवावी, पण वजन टाकू नये.) मग सारांश: तीनशे शब्दांत, शंभर शब्दांत, शेवटी एका वाक्यात. मुलाखतीचा सराव असतो. 'तुम्ही का लिहिता?' ह्या प्रश्नावर किती सेकंद खिडकीबाहेर बघायचं, ते सर घड्याळ लावून सांगतात. प्रत्यक्ष लिहिण्याचा तास नाही. मी इथला कारकून, वेळापत्रक मीच टाईप करतो, म्हणून एकदा विचारलं.

"अहो भाऊसाहेब, ते घरी करायचं असतं," सर म्हणाले. माझंच चुकलं.

गेल्या वर्षी संचालकांचं पत्र आलं. तीन वर्षांत एकाही विद्यार्थ्याचं पुस्तक कुणी स्वीकारलेलं नाही. वर्षअखेरपर्यंत पटावरच्या एका तरी विद्यार्थ्याचं स्वीकृतिपत्र दाखवा, नाहीतर अभ्यासक्रम बंद आणि सरांची जागाही रद्द. सरांच्या निवृत्तीला चार वर्षं होती. त्यांनी ओळखी काढून एका प्रकाशन संस्थेच्या संपादकबाईंना बोलावलं.

बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि आधी चपला काढून त्यांनी पाय मोकळे केले. अकरा विद्यार्थी इस्त्रीचे कपडे घालून रांगेत होते. पहिल्याने हस्तांदोलन केलं, योग्य तेवढं हसला आणि म्हणाला, "माझी कादंबरी माणसाच्या एकटेपणाचा शोध घेते."

"बरं. पहिलं पान वाचा."

"सारांश वाचू?"

"सारांश नको. पान."

पान नव्हतं. दुसऱ्याकडे नव्हतं, पाचवीकडेही नव्हतं. सातव्याने खिडकीबाहेर बघितलं, सांगितल्याप्रमाणे चार सेकंद. बाईंनीही बघितलं, तिथे काय आहे म्हणून.

"अहो, कुणी काही लिहिलंय की नाही?" त्यांनी विचारलं.

मागून एकजण म्हणाली, "सिस्टर लिहायच्या. डबा खातानासुद्धा."

"मग त्या कुठेत?"

सर छताकडे बघू लागले. सिस्टर म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका. तीनदा मागूनही सारांश दिला नाही म्हणून सरांनी दोन महिन्यांपूर्वी त्यांचं नाव पटावरून कमी केलं होतं. फाईल कपाटात होती. मी ती आणून दिली. आत सिस्टरचं खुलाशाचं पत्र होतं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं: "सर, सारांशात शेवट लिहा असं आपण म्हणता. सहाव्या खाटेवरचे आजोबा अजून जिवंत आहेत. रोज सकाळी ते माझ्याकडे बघून म्हणतात, आज नाही जमलं सिस्टर, उद्या बघू. त्यांच्याआधी मी शेवट कसा करू?" असं दोन पानं. खाली सरांचा लाल शेरा: 'शेवट अस्पष्ट. पुन्हा सादर करा.'

बाईंनी चपला घातल्या. "हिचं असेल तेवढं सगळं पाठवा. असंच असेल तर मी छापते."

दुसऱ्या दिवशी सर आणि मी पुनर्प्रवेशाचा अर्ज घेऊन रुग्णालयात गेलो. सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन वॉर्डातून बाहेर येत होत्या.

"सर, तुम्ही? बीपी वाढलं की काय?"

"नाही, नाही. अभिनंदन करायला आलो, प्रकाशनाच्या बाई तुमचं पुस्तक छापायचं म्हणताहेत. आणि ही एक छोटीशी सही."

त्यांनी अर्ज उभ्यानेच वाचला. "प्रकाशकाचं पत्र माझ्या पुस्तकाला येणार. मग मला तुमच्या पटावर कशाला घेता?"

सरांनी घसा साफ केला. त्यांच्याकडे परिच्छेदभर कारणं तयार होती, मला गाडीत ऐकवली होती. पण तोंडातून एकच वाक्य आलं. "नाहीतर माझी नोकरी जाते, सिस्टर."

"हे बरोबर सांगितलंत. एका वाक्यात."

सर लाजले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं.

"तुम्ही माझं काही वाचलंत?" सिस्टरनी विचारलं.

"सारांश आला की वाचणार होतो."

सिस्टरनी वॉर्डाबाहेरच्या टेबलाच्या खणातून तीन जाड वह्या काढल्या आणि सरांच्या हातात ठेवल्या. "माझी ड्यूटी दोनला सुटते. तोवर ह्या बाकावर बसून वाचा. मग सही करते. नको म्हणणाऱ्यालाही औषध द्यावं लागतं आम्हाला, तुम्ही तर मागायला आलात."

सर वाचायला बसले. सुरुवातीला लाल पेन हातात होतं. अर्ध्या तासाने बघितलं तर ते कानावर होतं, आणि साडेबाराला बाकाखाली पडलेलं. मी चहा विचारला तर त्यांनी हाताने 'थांबा' केलं. दोन वाजता सिस्टर आल्या, सही करून अर्ज माझ्याकडे दिला. सरांची तिसरी वही अजून उरली होती. ते उठले नाहीत. वह्यांसाठी सिस्टर घरी जायच्या खोळंबल्या.

स्वीकृतिपत्र आलं आणि अभ्यासक्रम वाचला. अहवालात 'संस्थेच्या बहुमोल मार्गदर्शनाखाली' हे शब्द सरांनी खोडले. संचालकांनी ते पुन्हा घातले.

मला वाटलं, आता वेळापत्रकात लिहिण्याचा तास येईल. सरांनी बदल केला खरा. यंदापासून सारांश बंद. त्याऐवजी सारांश का देता येत नाही, याचा दोन पानी खुलासा प्रत्येकाने विहित नमुन्यात द्यायचा. बारा खुलासे मुदतीत आले. आठांमध्ये रुग्णालय आहे. पुस्तकाचं पान अजून एकाचंही आलेलं नाही, पण वर्ष आत्ताशी सुरू झालंय.